झडप

पाचवं वर्ष. फेलोशिप मार्चमध्येच संपली.
सकाळी कोपरखैरण्याच्या क्लासमध्ये
अकरावीच्या पोरांना डेरिव्हेटिव्ह शिकवते,
दुपारी ऐरोलीच्या खोलीवर येऊन
त्याच एका असमानतेसमोर बसते,
जी डाव्या बाजूला थोडी जास्त भरते.
थोडीच. पण प्रमेयाला थोडं चालत नाही.

माझा विषय काय, असं मामींनी विचारलं होतं
गौरीच्या जेवणात.
म्हटलं, उशिरा कळलेल्या गोष्टीवर
वेळेत काय करता येतं, ते.
काहीच नाही गं, म्हणाल्या मामी,
आणि अळूची भाजी वाढली.

उदाहरणासाठी मी वाशीकडचा धारण तलाव घेतला.
शहर सखल, खाडी शेजारी,
म्हणून गटारांचं पाणी आधी तळ्यात थांबवायचं,
ओहोटी लागली की बाहेर सोडायचं.
मध्ये लोखंडी झडप, वरच्या बिजागरीला टांगलेली.
तळं चढलं की बाहेर ढकलली जाते,
खाडी चढली की आपली आपण मिटते.
मोटर नाही, सेन्सर नाही,
कुणाला विचारणं नाही.
प्रबंधात तिला मी दीड ओळ दिली होती :
एक फंक्शन. शून्य किंवा एक.

सरांनी समासात लिहिलं, पेन्सिलनं, बारीक,
‘पाहिली आहेस का?’

चार वर्षं आठ महिने झाले होते तेव्हा.

पंपहाऊसवर जोमा तांडेल भेटले.
पूर्वी होडी होती, आता ठेकेदाराच्या हजेरीवर.
मी फोनवर भरतीचा तक्ता उघडत होते,
तोवर ते म्हणाले, आज षष्ठी ना?
सहाची पाऊणपट. साडेचारला भरेल.
तक्ता उघडला. चार सत्तावीस.

तीनला खाडी चढू लागली.
झडप मिटायला हवी होती.
मिटली नाही.
उंबऱ्यात तिवराची मुळं, गादीचा फोम,
विसर्जनातला एक पाट.
वीतभर फट,
आणि त्यातून पाणी आत येत होतं
घाई न करता, माहेरी आल्यासारखं.

शून्यही नाही, एकही नाही,
मी मोठ्यानं म्हणाले.
वीतभर, तांडेल म्हणाले.

वर कळवलंय?
कळवलंय ना. मागच्या उधाणाला.
मग?
येतं उत्तर. येत नाही असं नाही.
पण तोवर दुसरं उधाण येतं.

मी ते वहीत उतरून घेतलं.
विलंबाची माझी व्याख्या याहून लांब होती
आणि इतकी नेमकी नव्हती.

त्यांनी होडीच्या वेळची आकडी काढली,
मला कंबरेला धरायला सांगितलं, धरलं.
फोम सुटला, पाट सुटला, मुळं राहिली.
झडप बसली तो आवाज
हाडात ऐकू आला.
मुळं वाढतील, ते हात धुताना म्हणाले,
तोडायची तर परवानगी लागते.
बिस्किटं खाणार?

त्या रात्री दीड ओळ खोडली.
झडप कधीच पूर्ण मिटत नाही, असं धरलं,
आणि चार वर्षांचं प्रमेय
सकाळपर्यंत लहान होत गेलं.
‘स्थिर’ हा शब्द गेला.
उरलं ते एवढं :
तळं शांत होणार नाही कधी,
हलत राहील,
पण काठ सोडणार नाही.
डावी बाजू उजवीत मावली. मी तीनदा तपासली.
मग रडू आलं, त्याचं गणिताशी
काय नातं ते तपासलं नाही.

एक अट मात्र घालावी लागली.
गृहीतक चौथं : ठरावीक काळाच्या आत
कुणीतरी आकडी घेऊन येतं.

सरांनी त्या ओळीवर पेन्सिल ओढली आहे.
अक्षरांच्या खालून गेलीय की मधून,
स्कॅनमध्ये कळत नाही.
सोमवारी विचारेन.
सोमवारी दशमी. साडेसातची भरती.